डेमोक्रॅटिक पक्षाचा २०२८ चा उमेदवार कोण? नाशिककरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गंगापूर रोड, कॉलेज रोड, इंदिरानगर, कुठेही चार ज्येष्ठ मंडळी बसली की त्यांतल्या दोघांची मुलं अमेरिकेत निघतात. मग विषय फिरून तिथल्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीवर येतोच. मी राज्यशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवलं, त्यामुळे हे प्रश्न माझ्याकडे येतात आणि मला ते मनापासून महत्त्वाचे वाटतात. त्यामागे बहुतेक वेळा एखाद्या मुलाचा व्हिसा असतो, सुनेची नोकरी असते. खालची उत्तरं २०२६ च्या सुरुवातीच्या परिस्थितीवर आधारलेली आहेत.

निवडणुकीला इतका वेळ आहे, मग आत्तापासून नावं का घेतात?

मतदान ७ नोव्हेंबर २०२८ ला आहे, पण पक्षांतर्गत लढत २०२८ च्या सुरुवातीलाच लागते. त्याआधीचं अख्खं वर्ष पैसा उभा करण्यात, माणसं जोडण्यात आणि जाहीर वादसभांमध्ये जातं. बराक ओबामांनी फेब्रुवारी २००७ मध्ये घोषणा केली, जो बायडेन यांनी एप्रिल २०१९ मध्ये, डोनाल्ड ट्रम्प यांनी जून २०१५ मध्ये. म्हणजे २०२८ साठीच्या घोषणा २०२७ च्या पूर्वार्धात अपेक्षित आहेत आणि त्यांची तयारी आज चालू आहे.

ट्रम्प पुन्हा उभे राहू शकतात का?

नाही. १९५१ मध्ये मंजूर झालेल्या २२ व्या घटनादुरुस्तीनुसार कोणालाही दोनपेक्षा जास्त वेळा राष्ट्राध्यक्षपदी निवडून येता येत नाही. ट्रम्प २०१६ आणि २०२४ मध्ये निवडून आले आहेत. सलग की मधे खंड पडून, याने काही फरक पडत नाही.

आपल्याकडे हायकमांड ठरवतं. तिकडे उमेदवार कोण ठरवतं?

अमेरिकेची बातमी वाचताना आपली सगळ्यात जास्त गफलत इथे होते. जानेवारी २०२६ च्या महापालिका निवडणुकीआधी एबी फॉर्मसाठी झालेली धावाधाव आपण नाशिकमध्ये पाहिली. फॉर्म ज्याच्या हातात तो उमेदवार, आणि तो द्यायचा कोणाला हे नेते ठरवतात. अमेरिकेत असा एबी फॉर्म नाही. पक्षाचा अध्यक्षसुद्धा कोणाला तिकीट 'देऊ' शकत नाही. प्रत्येक राज्यात पक्षाचे सामान्य मतदार मत देतात (हीच प्राथमिक निवडणूक), त्या मतांवरून पक्षाच्या अधिवेशनात मत देणारे प्रतिनिधी ठरतात आणि प्रतिनिधींचं बहुमत ज्याच्याकडे, तो उमेदवार.

हे कायम असं नव्हतं. १९६८ मध्ये ह्यूबर्ट हम्फ्री यांनी एकही प्राथमिक निवडणूक न लढवता डेमोक्रॅटिक उमेदवारी मिळवली. पक्षातले बडे नेते त्यांच्या बाजूने होते, तेवढं पुरलं. शिकागोच्या त्या अधिवेशनात सभागृहाबाहेर पोलिसांचा लाठीमार आणि आत आरडाओरडा असं चित्र देशाने टीव्हीवर पाहिलं. पक्षाची इतकी नाचक्की झाली की नियम बदलावे लागले. १९७२ पासून निर्णय मतदारांकडे गेला. पुढे नेत्यांना थोडा अधिकार परत देण्यासाठी 'सुपरडेलिगेट', म्हणजे पदामुळे आपोआप प्रतिनिधी होणारे नेते, आणले गेले, पण २०१८ च्या नियमानुसार चुरशीच्या लढतीत पहिल्या फेरीत त्यांना मत नाही.

आयोवा राज्यातली जुनी पद्धत समजून घेतली तर या व्यवस्थेचा जीव कळतो. जानेवारी-फेब्रुवारीची हाडं गोठवणारी थंडी. संध्याकाळी शाळेच्या व्यायामशाळेत गावातली माणसं जमायची. एका कोपऱ्यात एका उमेदवाराचे समर्थक, दुसऱ्या कोपऱ्यात दुसऱ्याचे. गुप्त मतदान नाही, डोकी मोजायची. ज्या गटात १५ टक्के माणसं नाहीत तो गट सहसा बाद. मग त्या गटातल्या लोकांना शेजारी, सहकारी, मुलांच्या शिक्षिका आपापल्या कोपऱ्यात बोलवायच्या आणि चारचौघांसमोर त्यांचं मन वळवायच्या. १९७६ मध्ये जॉर्जियाचे भुईमूग शेतकरी आणि माजी गव्हर्नर जिमी कार्टर यांनी इथे महिनोन्‌महिने घरोघरी फिरून बाकी सगळ्या उमेदवारांना मागे टाकलं. त्याआधी देशात त्यांना ओळखणारे फार थोडे होते. डेमोक्रॅटिक पक्षाने २०२४ मध्ये आयोवाचा पहिला मान काढून घेतला आणि साउथ कॅरोलायनाला पुढे आणलं. २०२८ चा क्रम पुन्हा नव्याने ठरायचा आहे. मी नावांपेक्षा या क्रमाकडे जास्त लक्ष देतो, कारण पहिली तीन-चार राज्यं कोणती यावर निम्मी लढत ठरते.

प्रतिनिधींची वाटणीही समजून घ्या. डेमोक्रॅटिक पक्षात किमान १५ टक्के मतं मिळवणाऱ्यांत प्रतिनिधी मतांच्या प्रमाणात वाटले जातात. ट्रम्प यांच्या रिपब्लिकन पक्षात अनेक राज्यं जिंकणाऱ्याला सगळे किंवा बहुतेक प्रतिनिधी देतात, त्यामुळे तिकडे आघाडीवरचा माणूस लवकर निसटतो आणि इकडे लढत रेंगाळते.

सध्या चर्चेत कोण कोण आहे?

अधिकृत घोषणा एकाही मोठ्या नावाने केलेली नाही. चर्चेत सगळ्यात वर कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर गॅविन न्यूसम आहेत. त्यांची मुदत जानेवारी २०२७ मध्ये संपते, आणि मतदारसंघांच्या फेररचनेवरचा 'प्रॉपोझिशन ५०' हा जनमताला टाकलेला प्रस्ताव नोव्हेंबर २०२५ मध्ये मंजूर करून घेतल्यापासून त्यांचं वजन वाढलं आहे. माजी उपाध्यक्ष कमला हॅरिस आहेत. माजी वाहतूकमंत्री पीट बुटिजेज आहेत. मिशिगनमधून सिनेट किंवा गव्हर्नरपद लढवायची संधी त्यांनी २०२५ मध्ये सोडली, त्यावरून जो तो काय समजायचं ते समजला. गव्हर्नरांमध्ये पेन्सिल्व्हेनियाचे जॉश शपिरो, मिशिगनच्या ग्रेचेन व्हिटमर, इलिनॉयचे जे. बी. प्रित्झकर आणि केंटकीचे अँडी बेशियर. प्रतिनिधीगृहातून अलेक्झांड्रिया ओकासियो-कॉर्टेझ आणि रो खन्ना. मेरीलँडचे गव्हर्नर वेस मूर यांचंही नाव येतं, पण आपण २०२८ ला उभे राहणार नाही असं त्यांनी स्वतः सांगितलं आहे.

सर्वेक्षणात जो पुढे तोच उमेदवार होतो का?

कधी होतो, कधी होत नाही. नाशिककरांना हे लक्षात ठेवायला एक सोय आहे. सिंहस्थ बारा वर्षांनी येतो आणि अमेरिकेची निवडणूक चार वर्षांनी, त्यामुळे गेले दोन सिंहस्थ आणि आता येणारा, तिन्ही निवडणुकीच्या आदल्या वर्षीच पडतात: २००३, २०१५, २०२७.

२००३ च्या उत्तरार्धात डेमोक्रॅटिक पक्षात व्हरमाँटचे माजी गव्हर्नर हॉवर्ड डीन जोरात होते. इंटरनेटवरून छोट्या देणग्या गोळा करण्याचा त्यांचा प्रयोग तेव्हा नवलाईचा होता. जानेवारी २००४ मध्ये आयोवात ते तिसरे आले आणि उमेदवारी जॉन केरी यांना गेली. २०१५ मध्ये उलट झालं. जुलैच्या मध्यावर रामकुंडावर ध्वजारोहण झालं त्याच सुमारास ट्रम्प रिपब्लिकन सर्वेक्षणांत वर आले होते. जाणकार म्हणवणाऱ्यांनी ही लाट ओसरेल असं ठामपणे सांगितलं. ती ओसरली नाही.

यात २००७ ची भर घाला. ते वर्षभर हिलरी क्लिंटन पुढे होत्या, आणि ३ जानेवारी २००८ ला आयोवा ओबामांनी जिंकलं. मग २०२० चं सांगतो, कारण शिकण्यासारखं सगळ्यात जास्त तिथे आहे. बायडेन आयोवात चौथे आले, न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे. वर्तमानपत्रांनी त्यांना जवळजवळ निरोप दिला होता. २९ फेब्रुवारीला साउथ कॅरोलायना होतं. तिथल्या डेमोक्रॅटिक मतदारांत निम्म्याहून जास्त कृष्णवर्णीय आहेत. मतदानाच्या तीन दिवस आधी तिथले ज्येष्ठ नेते जिम क्लायबर्न यांनी बायडेन यांना पाठिंबा दिला. बायडेन यांनी राज्य मोठ्या फरकाने जिंकलं, बुटिजेज आणि एमी क्लोबशार यांनी माघार घेतली आणि ३ मार्चच्या 'सुपर ट्यूसडे'नंतर (या एका दिवशी अनेक राज्यांत मतदान होतं) लढत जवळपास संपली होती. चार दिवसांत चित्र पालटलं.

म्हणून नुसती टक्केवारी विचारू नका. हा पाठिंबा कोणाचा आहे आणि तो टिकाऊ आहे का, हे विचारा. १९९२ पासून डेमोक्रॅटिक उमेदवारी त्यालाच मिळाली आहे, ज्याच्यामागे पक्षातले बहुसंख्य कृष्णवर्णीय मतदार उभे राहिले. २०२० मध्ये बुटिजेज यांची गाडी नेमकी इथेच अडकली. आजच्या यादीतलं प्रत्येक नाव मी आधी या कसोटीवर घासून बघतो.

कमला हॅरिस पुन्हा उभ्या राहतील का? हरलेल्या माणसाला परत संधी मिळते का?

मिळते, क्वचित. ॲडलाय स्टीव्हन्सन १९५२ आणि १९५६ असे दोन्ही वेळा उमेदवार होते आणि दोन्ही वेळा हरले. रिचर्ड निक्सन १९६० ला हरून १९६८ ला जिंकले. ट्रम्प २०२० ला हरून २०२४ ला. हॅरिस यांनी जुलै २०२५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदाची लढत नाकारली आणि राष्ट्राध्यक्षपदाचं दार उघडं ठेवलं आहे.

त्यांच्या बाजूने एक न्याय्य मुद्दा आहे. बायडेन २१ जुलै २०२४ ला बाजूला झाले, म्हणजे हॅरिस यांना प्रचाराला जेमतेम साडेतीन महिने मिळाले. विरुद्ध मुद्दाही तितकाच खरा: त्या वर्षी त्यांना एकाही राज्यात पक्षाच्या मतदारांसमोर स्वतःच्या नावाने लढावं लागलं नाही, आणि २०२० च्या लढतीतून त्या पहिल्या मतदानाआधीच बाहेर पडल्या होत्या. २०२४ चा ३१२ विरुद्ध २२६ हा निकाल (ही राज्यांना वाटून दिलेली 'इलेक्टोरल' मतं) प्रत्येक मुलाखतीत त्यांच्यासमोर ठेवला जाईल. ओळख त्यांच्याकडे भरपूर आहे. जिंकू शकतील हा भरवसा मात्र त्यांना नव्याने कमवावा लागेल.

गव्हर्नरांची नावंच इतकी का येतात?

तिथला गव्हर्नर आपल्या मुख्यमंत्र्यासारखा असतो, थेट लोकांनी निवडलेला आणि राज्य चालवणारा. पूर आला, शाळा बंद पडल्या, पूल कोसळला, तर उत्तर त्यालाच द्यावं लागतं. कार्टर, रेगन, बिल क्लिंटन, धाकटे बुश हे सगळे गव्हर्नर होते. १९७६ ते २००४ या काळातल्या निवडणुकांपैकी १९८८ सोडून प्रत्येक वेळी आजी किंवा माजी गव्हर्नरच जिंकला. वॉशिंग्टनवर राग असला की मतदार बाहेरचा माणूस शोधतो.

शिवाय गणित आहे. जिंकायला एकूण ५३८ पैकी २७० इलेक्टोरल मतं लागतात. पेन्सिल्व्हेनियाकडे १९, मिशिगनकडे १५, विस्कॉन्सिनकडे १०. ही तिन्ही राज्यं २०२४ ला ट्रम्प यांच्याकडे गेली. शपिरो २०२२ मध्ये पेन्सिल्व्हेनियात सुमारे १५ टक्क्यांच्या फरकाने जिंकले होते, व्हिटमर मिशिगनमध्ये साधारण साडेदहा टक्क्यांनी. बेशियर यांची गोष्ट आणखी वेगळी: त्यांनी २०२३ मध्ये केंटकी राखलं, आणि वर्षभरातच ट्रम्प यांनी तेच राज्य सुमारे ३० टक्क्यांच्या फरकाने घेतलं.

ओकासियो-कॉर्टेझ फार तरुण नाहीत का?

वयाची अट ३५ वर्षांची आहे आणि त्या २०२८ मध्ये ३९ च्या असतील. अडचण वयाची नाही. प्रतिनिधीगृहातून थेट राष्ट्राध्यक्षपदावर आजवर एकच माणूस गेला आहे, जेम्स गारफील्ड, १८८० मध्ये. पण २०२५ मध्ये डाव्या विचारांचे सिनेटर बर्नी सँडर्स यांच्याबरोबरच्या सभांना त्यांनी जी गर्दी जमवली, ती मी हलक्यात घेत नाही. पक्षातल्या तरुणांना नेतृत्वाचा राग आलेला आहे आणि तो कोणाच्या तरी पाठीशी उभा राहणारच.

आपल्या वंशाचं कोणी आहे का? आणि आपले ठाणेदार?

रो खन्ना यांचा जन्म १९७६ मध्ये फिलाडेल्फियात, पंजाबी कुटुंबात झाला. त्यांचे आजोबा अमरनाथ विद्यालंकार स्वातंत्र्यसैनिक होते आणि लाला लजपतराय यांच्याबरोबर त्यांनी काम केलं होतं. खन्ना कॅलिफोर्नियाचा सिलिकॉन व्हॅलीचा भाग सांभाळतात. राष्ट्रीय पातळीवर त्यांची ओळख अजून बनते आहे.

श्री ठाणेदार यांच्याबद्दल मराठी माणसाला जिव्हाळा वाटणं साहजिक आहे. चिक्कोडीत जन्म, बेळगावात बालपण, आणि जानेवारी २०२३ पासून डेट्रॉइट भागाचे खासदार. २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या प्राथमिक लढतीत ते तिसरे आले होते, आणि ती लढत जिंकली ती याच व्हिटमर यांनी. पण ते राष्ट्राध्यक्ष होऊ शकत नाहीत. घटनेला जन्मतः नागरिक असलेलीच व्यक्ती लागते. तुमचा न्यू जर्सीत जन्मलेला नातू मात्र पात्र आहे: जन्माने नागरिक, वय ३५ आणि देशात १४ वर्षं वास्तव्य, एवढंच लागतं. व्हिसावरच्या पालकांच्या मुलांना जन्माने नागरिकत्व नाकारणारा आदेश ट्रम्प यांनी २० जानेवारी २०२५ ला काढला. तो न्यायालयांनी रोखला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. आधी जन्मलेल्या मुलांना तो आदेश लागूच नाही, म्हणून त्या नातवंडांची काळजी करू नका.

समोर रिपब्लिकन कोण असेल?

उपाध्यक्ष जे. डी. व्हान्स सर्वांत पुढे आहेत. त्यांच्या पत्नी उषा यांचं माहेर मूळचं आंध्रातलं. परराष्ट्रमंत्री मार्को रुबियो यांनी, व्हान्स उभे राहिले तर आपण त्यांना पाठिंबा देऊ, असं सांगितलं आहे. मात्र पदावरच्या उपाध्यक्षाला उमेदवारी सहज मिळते आणि निवडणूक अवघड जाते. १९६० पासून निक्सन, हम्फ्री, थोरले बुश, अल गोर आणि हॅरिस असे पाच जण उपाध्यक्ष असताना लढले. जिंकले फक्त बुश, १९८८ मध्ये.

मग तुमचा अंदाज काय?

डेमोक्रॅटिक उमेदवार गव्हर्नर असेल असं मला वाटतं. न्यूसम आज पुढे आहेत, पण कॅलिफोर्नियाचा शिक्का मध्य-पश्चिमेच्या राज्यांत त्यांना जड जाईल. माझी नजर शपिरो यांच्यावर आहे. नोव्हेंबर २०२६ मध्ये त्यांची फेरनिवडणूक आहे. ती त्यांनी मोठ्या फरकाने जिंकली, तर 'जिंकू शकणारा माणूस' हा त्यांचा दावा मजबूत होईल. गाझा-इस्रायलच्या प्रश्नावर पक्षातला तरुण वर्ग त्यांना कठोर प्रश्न विचारेल आणि ते उत्तर त्यांना टाळता येणार नाही. साउथ कॅरोलायनासारख्या राज्यात ते किती उतरतात हे अजून कोणी पाहिलेलं नाही. या दोन्ही गोष्टी विरुद्ध गेल्या तर माझा अंदाज बदलेल.

उमेदवार कोणीही असो, नाशिकमधल्या घराला काय फरक पडतो?

यात दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात: राष्ट्राध्यक्ष स्वतःच्या सहीने काय बदलू शकतो आणि कशासाठी संसदेचा कायदा लागतो. १९ सप्टेंबर २०२५ ला ट्रम्प यांनी एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जांवर १ लाख डॉलरचं शुल्क लावलं, ते एका आदेशाने. एच-४ वरच्या (एच-१बी वाल्यांच्या जोडीदाराचा व्हिसा) कित्येक सुनांना नोकरीचा परवाना मिळाला तो ओबामांच्या काळातल्या २०१५ च्या नियमाने. म्हणजे सही महत्त्वाची आहे. पण वर्षाला ६५ हजार अधिक २० हजार एच-१बी ही मर्यादा कायद्यातली आहे. नोकरीवरच्या ग्रीन कार्डात एका देशाला साधारण ७ टक्के, ही अटही कायद्यातलीच. आपली मुलं वर्षानुवर्षं रांगेत आहेत ती या अटीमुळे, आणि ती दोन्ही पक्षांच्या राष्ट्राध्यक्षांच्या काळात तशीच राहिली. "डेमोक्रॅट आला की ग्रीन कार्ड सुटेल" असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. त्यासाठी संसद लागते.

आणखी एक धागा आपल्या जिल्ह्यातच आहे. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेलं 'कृषक' विकिरण केंद्र आहे. हापूसच्या पेट्या पट्ट्यावरून आत जातात, कोबाल्ट-६० च्या किरणांतून फिरून बाहेर येतात, आणि मगच अमेरिकेला निघतात. मार्च २००६ मध्ये धाकटे बुश भारतात आले, त्यानंतर २००७ मध्ये अमेरिकेने आपल्या आंब्याला दार उघडलं. अमेरिकेचा निरीक्षक समोर असल्याशिवाय माल जात नाही. कोविडच्या काळात, २०२० आणि २०२१ मध्ये, निरीक्षक येऊ शकले नाहीत तर निर्यात थांबली. दोन देशांत संबंध कसे आहेत, ते कोकणातल्या बागायतदाराला लासलगावच्या या पट्ट्यावर कळतं.

माझा मुलगा तिथे आहे. तो मत देऊ शकतो का?

नागरिक असेल तरच. ग्रीन कार्डवर नाही, एच-१बी वर तर नाहीच. चुकून नाव नोंदवलं किंवा मत दिलं तरी देशाबाहेर काढण्यापर्यंत प्रकरण जाऊ शकतं, म्हणून वाहन परवान्याच्या खिडकीवर मतदारनोंदणीचा कागद पुढे आला तर सही करण्याआधी तो नीट वाचायला सांगा. नागरिक असेल तर राज्याचा नियम बघा. टेक्सासमध्ये पक्षनोंदणीच नसते, कोणत्याही एका पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत मत देता येतं. न्यू जर्सीत दुसऱ्या पक्षात नोंद असेल तर ती वेळेत बदलावी लागते. तिथली प्राथमिक निवडणूक जूनमध्ये असते, तोवर बहुतेकदा निर्णय लागून गेलेला असतो.

आम्ही इथून एखाद्या उमेदवाराला देणगी पाठवू शकतो का?

नाही. परदेशी नागरिकांच्या देणग्यांना तिथला कायदा मनाई करतो. ग्रीन कार्डधारक देऊ शकतात, एच-१बी वाले नाही. मुलाच्या नावाने पैसे फिरवण्याचा विचारही करू नका.

कोण जिंकेल यावर ऑनलाइन पैसे लावतात म्हणे?

अमेरिकेत असे बाजार चालतात आणि त्यांचे भाव बातम्यांत येतात. भारतात २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आहे. भाव बघा, पैसे लावू नका.

कोणत्या तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवू?

३ नोव्हेंबर २०२६: 'मिडटर्म', म्हणजे राष्ट्राध्यक्षाच्या मुदतीच्या मध्यावर ठरल्याप्रमाणे होणारी संसदेची आणि अनेक गव्हर्नरांची निवडणूक. शपिरो आणि प्रित्झकर यांचा निकाल त्याच दिवशी. त्यानंतरचे सहा-सात महिने घोषणांचे. ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये नाशिकला स्नानाच्या पर्वण्या चालू असतील, तेव्हा तिकडे वादसभांचा हंगाम असेल. २०२८ च्या सुरुवातीला पहिली राज्यं, उन्हाळ्यात अधिवेशनं. रिपब्लिकन पक्षाचं ह्यूस्टनला आहे. ७ नोव्हेंबर २०२८ ला मतदान. पेन्सिल्व्हेनियातली केंद्रं बंद होतील तेव्हा आपल्याकडे बुधवारी सकाळचे साडेसहा वाजलेले असतील. २०२० मध्ये त्या राज्याचा निकाल शनिवारी स्पष्ट झाला होता, तेव्हा बुधवारची कामं रद्द करू नका.